जोडशब्दाचा सांधा

मराठीत 'समास' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक व्याकरणातला, म्हणजे दोन शब्द एकत्र येऊन झालेला जोडशब्द. दुसरा वहीतला, म्हणजे डावीकडे पट्टी धरून आखलेली ती रेघ. शाळेत दोन्हींचा तितकाच कंटाळा यायचा. हे दोन समास एकमेकांशी भांडतात तेव्हा काय होतं, म्हणजे पानाची कड जवळ आली आणि लांबलचक जोडशब्द मावेना तर तो नेमका कुठे तोडायचा, हा प्रश्न मला मराठीमुळे नाही तर नॉर्वेजियनमुळे पडला.

निमित्त अर्थातच पोटापाण्याचं. गेली दोनेक वर्षं आमची टीम एका नॉर्वेजियन क्लायंटचं काम करते आहे. एक जुनी सिस्टीम आमच्याकडे आली, तिचे स्क्रीन आधी कुठल्याशा कंपनीनं इंग्रजीतून नॉर्वेजियनमध्ये आणलेले. तिकडच्या बाईंनी (वयानं आमच्या आईएवढ्या, पण तिकडे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, त्यामुळे पहिले सहा महिने जीभ अडखळायची) पहिल्याच आठवड्यात एक यादी पाठवली. यादीत अडीचशे ओळी, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच तक्रार : "हा एक शब्द आहे, तुमच्या स्क्रीनवर त्याचे दोन झालेत."

मला वाटलं, एका स्पेसचा एवढा काय बाऊ! मग शनिवार-रविवार थोडं वाचायला घेतलं आणि कळलं की त्या स्पेसच्या मागे हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. तोच आज सांगतो. मी भाषातज्ज्ञ नाही, साधा इंजिनियर आहे. त्यामुळे जे सांगतो ते इंजिनियरच्या भाषेत.

जोडायचं कसं?

नॉर्वेजियन ही जर्मन, डॅनिश, स्वीडिश यांच्या कुळातली भाषा. या कुळात नवीन शब्द हवा असला की जुने दोन घ्यायचे आणि चिकटवायचे. 'मेन्नेस्के' म्हणजे माणूस, 'रेत्तिहेत' म्हणजे हक्क, 'ओर्गानिसाशून' म्हणजे संघटना. मानवी हक्क संघटना म्हणायची असेल तर सगळं मिळून एकच शब्द, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. फक्त 'रेत्तिहेत' आणि 'ओर्गानिसाशून' यांच्या मधे एक 'स' घालायचा. हा 'स' म्हणजे सांध्यावरचा डिंक. कधी डिंक 'स'चा, कधी 'ए'चा : 'बार्न' म्हणजे मूल, 'हागे' म्हणजे बाग, आणि 'बार्नेहागे' म्हणजे बालवाडी. कधी डिंक लागतच नाही. कुठे कुठला लागेल याला नियम आहेत आणि त्या नियमांना भरपूर अपवाद आहेत. म्हणजे एकूण आपल्या ओळखीचाच प्रकार.

गंमत म्हणजे या जोडशब्दांचं वर्गीकरण करताना युरोपातले भाषाशास्त्रज्ञ चक्क आपलीच नावं वापरतात. एकोणिसाव्या शतकात संस्कृत व्याकरण तिकडे पोचलं तेव्हा 'तत्पुरुष', 'द्वंद्व', 'बहुव्रीही' हे शब्दही पोचले आणि तिथेच राहिले. नॉर्वेत एक छोटा पक्षी आहे, 'र्योस्त्रूपे', शब्दशः 'लालगळा'. लाल गळा असं त्या गळ्याचं नाव नव्हे, तर लाल आहे गळा ज्याचा असा तो. म्हणजे सरळ आपल्या नीलकंठाचा चुलतभाऊ. नववीत संस्कृतच्या बाईंनी विग्रह करून घेतले होते ते असे उत्तर ध्रुवाजवळ कामाला येतील असं वाटलं नव्हतं :-)

शेतकरी आणि प्रार्थना

आता उच्चाराकडे येऊ, कारण खरी कथा तिथेच आहे.

नॉर्वेजियन माणूस बोलताना गातो असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि ते निव्वळ वाटणं नाही. तिथल्या बहुतेक बोलींत शब्दाला दोनपैकी एक सूर असतो. ऑस्लोकडे पहिला सूर खालून सुरू होऊन वर चढतो, दुसरा वरून सुरू होऊन आधी खाली येतो आणि मग चढतो. सूर बदलला की अर्थ बदलतो. नेहमी दिलं जाणारं उदाहरण 'ब्योन्नर' या उच्चाराचं. पहिल्या सुरात म्हटलं तर शेतकरी (अनेकवचन), दुसऱ्या सुरात म्हटलं तर प्रार्थना (तेही अनेकवचन). लिहिताना शेतकऱ्यांच्या मधे एक 'द' असतो, पण तो उच्चारात नाही. कानाला फरक कळतो तो फक्त सुरावरून.

हे दोन सूर आले कुठून? इथे मला खरा इतिहास सापडला. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या नॉर्स भाषेत 'शेतकरी'चं अनेकवचन एका झटक्यात म्हणायचे, 'ब्योन्द्र', एकच अक्षर, म्हणजे एकच उच्चारघटक. 'प्रार्थना'चं अनेकवचन 'ब्योनिर', दोन घटक. पुढे 'न्द्र' म्हणायला लोकांना जड जायला लागलं, मग मधे एक छोटा स्वर घुसला आणि शेतकरीही दोन घटकांचे झाले. आपल्याकडे 'जन्म'चा 'जनम' आणि 'धर्म'चा 'धरम' झाला तसंच. (या घुसखोर स्वराला नॉर्वेजियन पुस्तकांतही 'स्वरभक्ती' असाच शब्द आहे. पुन्हा आपलाच!)

म्हणजे दोन्ही शब्द सारखे झाले, पण सूर मात्र जुनेच राहिले. मूळ एक घटक होता त्यांना पहिला सूर, मूळ दोन किंवा जास्त होते त्यांना दुसरा. आज ऑस्लोच्या ट्राममधला शाळकरी पोरगा 'शेतकरी' म्हणतो तेव्हा त्याच्या नकळत त्याचा गळा सांगत असतो की हा शब्द एके काळी एकाच घटकाचा होता. लिपी बदलली, राज्यं बदलली, धर्म बदलला, पण हिशेब गळ्यात राहिला. डेटाबेसमधून कॉलम काढून टाकावा आणि लॉगमध्ये मात्र त्याची नोंद उरावी, तसं काहीसं.

शेजारच्या डॅनिश भाषेत सूर नाहीत, पण तिथे ज्या शब्दांना नॉर्वेजियनमध्ये पहिला सूर असतो त्यांपैकी पुष्कळ शब्दांत घशात एक छोटा आचका येतो. तिथेही शेतकऱ्यांना आचका आहे आणि प्रार्थनांना नाही. जखम एकच, व्रण वेगवेगळे. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पंजाबी माणसाचं 'घोडा' ऐका. 'घ'मधला महाप्राण गेला, पण जाताना मागे सूर ठेवून गेला.

आता हे सगळं जोडशब्दाला लागू करा. दोन स्वतंत्र शब्द शेजारी शेजारी म्हटले तर प्रत्येकाला आपापला जोर आणि आपापला सूर. पण तेच जोडले की मुख्य जोर बहुधा पहिल्यावर जातो, दुसऱ्याकडे दुय्यम जोर उरतो आणि सूर मात्र संपूर्ण शब्दाला मिळून एकच. बहुतेक वेळा तो दुसरा असतो, पण पहिला सूर असलेले जोडशब्दही आहेत. लग्नानंतर दोन घरांचा एक संसार व्हावा तसं.

म्हणूनच त्या बाई चिडल्या होत्या. स्पेस म्हणजे त्यांच्या डोळ्यांना नुसती मोकळी जागा नव्हे, ती एक सूचना आहे : इथे सूर संपवा, नवीन सुरू करा. 'लामेलोर' एकत्र लिहिलं तर कोकराची तंगडी, जेवणाच्या टेबलावरची. तोडून 'लामे लोर' लिहिलं तर लुळ्या पडलेल्या मांड्या. 'रॉयकफ्रित' एकत्र म्हणजे धूम्रपानमुक्त. तोडून लिहिलं तर 'खुशाल ओढा'! दवाखान्याच्या दारावर लावायच्या पाटीत हा फरक बराच मोठा आहे. आणि माझं लाडकं उदाहरण अननसाचं. (हो, नॉर्वेजियनमध्येही अननसच. आपल्याला तो शब्द पोर्तुगीजांनी दिला, त्यांच्यापर्यंतही असाच फिरत फिरत गेला.) 'अननसरिंगर' म्हणजे डब्यातल्या अननसाच्या चकत्या. 'अननस रिंगर' म्हणजे 'अननस फोन करतोय'.

बोलताना यात कुणाचाच गोंधळ होत नाही. गोंधळ फक्त कागदावर होतो.

ट, ण आणि ष

सांध्यावर आणखी एक गोष्ट घडते आणि ती मराठी माणसाला युरोपातल्या बहुतेकांपेक्षा लवकर कळेल. पूर्व आणि उत्तर नॉर्वेत 'र'च्या पुढे 'त', 'न', 'स' आले की दोन्ही मिळून टाळूवर जीभ वळवून म्हणतात. 'बार्न' लिहितात, पण ऐकू येतं 'बाण', अगदी आपला बाणातला ण. 'नोर्स्क' लिहितात, ऐकू येतं 'नॉष्क'. इंग्रज माणसाला हे शिकवताना नाकी नऊ येतात, कारण त्याच्याकडे हा वेगळा ण नाही. आपल्याकडे चक्क अक्षरं तयार आहेत.

आणि हे जोडशब्दाच्या सांध्यावरही होतं. 'सोम्मर' म्हणजे उन्हाळा, 'तीद' म्हणजे वेळ. जोडल्यावर 'र' आणि 'त' भेटतात आणि त्यांचा 'ट' होतो. शब्दकोशात दोन तुकडे वेगळे दिसतात, कानाला सांधा वितळलेला असतो. पाणिनीनं ही गोष्ट वेगळ्या भाषेसाठी नोंदवून ठेवलीय : शूर्प आणि नख जोडले की विशेषनामात 'न'चा 'ण' होतो, म्हणून शूर्पणखा. दोन्ही भाषांचा हा नियम एकमेकींकडून आलेला नाही. पण 'र'नं पुढच्या दंत्य अक्षराला वळवणं, हे तोंडाच्या यंत्राचंच वैशिष्ट्य असावं असं मला वाटतं.

पश्चिमेकडे, म्हणजे बर्गेनला, हे होत नाही. तिथला 'र' घशातून येतो, फ्रेंच लोकांसारखा, त्यामुळे जीभ वळायचा प्रश्नच येत नाही. एकाच देशात एकाच शब्दाचा सांधा एकीकडे वितळतो आणि दुसरीकडे कोरडा राहतो. मग 'शुद्ध उच्चार' कुठला? नॉर्वेत याचं उत्तर अधिकृतपणे दिलेलंच नाही. बोलण्याची प्रमाणभाषा अशी तिथे ठरवलेली नाही. शाळेत, संसदेत, टीव्हीवर लोक आपापल्या बोलीत बोलतात. आपल्याकडे 'आनी-पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात हे आठवलं की याचं मोल कळतं.

बाहेरून आलेले

जोर पहिल्या घटकावर, हा झाला घरचा नियम. पण पाहुणेही होते. चौदाव्या शतकात बर्गेनच्या बंदरात जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाची पेढी बसली. ती साधारण १३६० च्या सुमाराला आली आणि १७५४ पर्यंत राहिली. चारशे वर्षं सुक्या माशांच्या बदल्यात धान्य आलं आणि धान्याबरोबर शब्द आले. 'बे', 'फोर', 'आन' असे उपसर्ग लागलेले शेकडो शब्द. 'बेताले' म्हणजे पैसे चुकते करणे, 'फोर्स्तो' म्हणजे समजणे. (पैसे देणं आणि समजणं हे दोन्ही शब्द व्यापाऱ्यांकडून यावेत यात नवल नाही.)

या शब्दांत 'बे' आणि 'फोर'वर जोर नसतो, तो पुढे सरकतो, आणि सूर पहिला लागतो. म्हणजे सुरावरून पाहुणा ओळखता येतो. पण पूर्व नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत लोकांनी पाहुण्यांनाही घरचा नियम लावला आणि परक्या शब्दांतही जोर पहिल्या घटकावर आणला. केळ्याला शहरी माणूस 'बानान' म्हणताना दुसऱ्या 'ना'वर जोर देतो, खेड्यातला पहिल्या 'बा'वर. फळ एकच, पण जोर कुठे पडला यावरून माणूस कुठला आणि कुठल्या घरातला ते ओळखू येतं. आपल्याकडे 'श' आणि 'ष' नाही पण 'ण' आणि 'न' हे काम करतात.

कुणाची भाषा?

मग लिहायचं कुणासारखं? नॉर्वे चारशेहून जास्त वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि लिहायची भाषा डॅनिश होती. १८१४ मध्ये डेन्मार्कपासून सुटका झाली, स्वतःची राज्यघटना आली (पुढे १९०५ पर्यंत राजा स्वीडनशी सामायिक होता, ते वेगळं), पण पुस्तकं डॅनिशच राहिली. बोलायचं एक, लिहायचं दुसरं.

त्यावर दोन माणसांनी दोन उत्तरं दिली आणि दोघं जवळजवळ एकाच वयाचे. क्नुद क्नुदसेन (१८१२–१८९५) हा शाळामास्तर. त्याचं म्हणणं, आहे ती डॅनिश घ्या आणि शहरातले सुशिक्षित लोक जसं बोलतात तशी हळूहळू वळवा. म्हणजे आमच्या भाषेत रिफॅक्टरिंग. ईवार ओसेन (१८१३–१८९६) हा पश्चिमेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. तो १८४२ ते १८४६ देशभर हिंडला, खेड्याखेड्यांत बसून शब्द टिपले आणि १८४८ मध्ये लोकभाषेचं व्याकरण आणि १८५० मध्ये कोश काढला. त्याचं म्हणणं, खेड्यांतच खरी नॉर्वेजियन जिवंत आहे, तिच्यावरून नवीन लेखनभाषा उभी करा. म्हणजे सरळ रीराईट! ओसेनला ते हान्सावाले 'बे' आणि 'आन'चे शब्द नको होते. त्यांच्या जागी घरचे तुकडे जोडून केलेले शब्द हवे होते. वादचर्चेला 'ऊर्दशिफ्ते' म्हणतात तो याच वळणाचा शब्द, शब्दशः 'शब्दांची अदलाबदल'.

१८८५ मध्ये संसदेनं दोन्हींना समान दर्जा दिला. १९२९ मध्ये त्यांची नावं 'बोकमोल' (पुस्तकी भाषा) आणि 'निनॉष्क' (नवी नॉर्वेजियन) अशी झाली. दोन्ही आजही अधिकृत आहेत. मधल्या काळात १९०७, १९१७ आणि १९३८ मध्ये शुद्धलेखनाचे मोठे बदल झाले. १९०७ च्या बदलात डॅनिशची 'ब', 'द', 'ग' ही मऊ अक्षरं जाऊन बोलण्यातली 'प', 'त', 'क' आली. 'कागे' लिहायचे त्याचं 'काके' झालं. केक तोच!

सरकारच्या मनात होतं की दोन भाषा हळूहळू एक कराव्यात. लोकांच्या मनात नव्हतं. १९५० च्या दशकात पालकांनी मोहीम काढली, मुलांच्या पाठ्यपुस्तकांतले शब्द पेनानं खोडून आपल्या पसंतीचे लिहिले, काही लाख सह्या गोळा केल्या. अखेर २००२ मध्ये एकत्रीकरणाचं धोरण औपचारिकपणे सोडून देण्यात आलं.

एका गावाच्या नावात हे सगळं भांडण सापडतं. त्रोन्दयेम हे डॅनिश वळणाचं नाव. १ जानेवारी १९३० ला संसदेच्या निर्णयानं त्याचं मध्ययुगीन नाव निदारोस परत आणलं. गावकरी भडकले, मोर्चे निघाले. १९३१ मध्ये तडजोड झाली : त्रोन्दहेम. जोडशब्दाचा पहिला तुकडा जुना, दुसरा तुकडा नॉर्वेजियन वळणाचा, अर्थ 'घर'. गावातले जुने लोक मात्र बोलताना 'त्रोन्दयेम'च म्हणत राहिले. पाटी संसदेच्या ताब्यात, जीभ नाही.

पाच आणि वीस

जीभ संसदेच्या ताब्यात नसते, याचा सगळ्यात मोठा प्रयोग १९५१ मध्ये झाला. तोवर नॉर्वेजियन लोक पंचवीसला 'फेम-ओ-त्यूवे' म्हणायचे, पाच-आणि-वीस. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्यासारखं. टेलिफोनवर नंबर सांगताना यानं घोटाळे व्हायचे. ऐकणारा आधी ५ ऐकतो, लिहायचा असतो आधी २. टेलिफोन खात्याकडून मागणी आली, संसदेनं ठरवलं आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, सरकारी कचेऱ्या आणि रेडिओवर 'श्यूए-फेम', म्हणजे वीस-पाच, सुरू झालं.

एका यंत्रासाठी अख्ख्या देशाची मोजण्याची पद्धत बदलली! शाळेत आणि रेडिओवर ती रुळलीही. पण घरात जुनी पद्धत गेली नाही. आजही पुष्कळ नॉर्वेजियन फोन नंबर नव्या पद्धतीनं सांगतात आणि वय जुन्या पद्धतीनं, कधी एकाच वाक्यात दोन्ही.

हे वाचताना तुम्हाला जून २०१९ आठवलं असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीनं 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर (त्या २०२३ मध्ये गेल्या) शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना उलटा क्रम आणि जोडाक्षरं जड जातात, त्यांना सोपं पडावं म्हणून ही सोय आहे. मी तेव्हा हसणाऱ्यांबरोबर होतो की नाही ते जाऊ दे, पण नॉर्वेचा इतिहास वाचल्यावर एक मुद्दा नीट कळला.

नॉर्वेजियन 'फेम-ओ-त्यूवे'मधला सांधा उघडा होता. पाच, आणि, वीस, तिन्ही तुकडे स्वच्छ दिसत होते. त्यांची जागा बदलणं हे डबे जोडलेल्या गाडीत डब्यांची अदलाबदल करण्यासारखं. आपलं तसं नाही. 'त्रेचाळीस'मध्ये तीन कुठे संपतात आणि चाळीस कुठे सुरू होतात? 'पंचावन्न'मधले पन्नास कुठे गेले? दोन हजार वर्षं बोलून बोलून आपले सांधे इतके झिजलेत की तो जोडशब्द राहिलेलाच नाही, एकसंध दगड झालाय. म्हणून एक ते शंभर आपल्याला शंभर वेगळे शब्द म्हणून पाठ करावे लागतात. ज्या पोराच्या घरी कुणी पाढे म्हणून घेणारं नाही, त्याच्यासाठी हा विनोदाचा विषय नाही. त्याच वेळी, तो दगड फोडला तर आजीचा 'पावणेदोनशे'वाला हिशेब आणि नातवाचा हिशेब यांची गाठ कशी पडायची, हाही खोटा प्रश्न नाही. नॉर्वेनं निर्णय घेतला आणि सत्तर वर्षांनंतरही दोन्ही पद्धती नांदतायत. कदाचित उत्तर तेच असेल.

कडेला आल्यावर

आता आमच्या धंद्याचा भाग. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा नियम नॉर्वेजियनमध्ये साधा आहे : जोडशब्द सांध्यावर तोडा. साध्या शब्दात एक व्यंजन पुढच्या ओळीत न्या. माणसाला सोपं, मशीनला अवघड, कारण मशीनला सांधा दिसत नाही. 'बीलदेलर' म्हणजे गाडीचे सुटे भाग : 'बील' गाडी, 'देलर' भाग. पण तीच अक्षरं 'बिल्दे' आणि 'लेर' अशीही तुटतात, आणि मग अर्थ 'चित्र हसतं' असा होतो. गंमत अशी की चुकीच्या जागी तोडलं तर पहिला स्वरही बदलतो. 'बील'मधला दीर्घ, 'बिल्दे'मधला ऱ्हस्व. म्हणजे वाचणारा ओळीच्या शेवटी एक उच्चार करतो आणि पुढच्या ओळीवर आल्यावर त्याला मागे फिरून सगळं दुरुस्त करावं लागतं.

याहून मजेदार तिहेरी अक्षरांचा नियम. 'बुस' म्हणजे बस, शेवटी दोन एस. 'शोफ्योर' म्हणजे ड्रायव्हर, सुरुवातीला एक एस. जोडल्यावर तीन एस व्हायला हवेत, पण नॉर्वेजियन लेखनात एकसारखी तीन व्यंजनं लागोपाठ लिहीत नाहीत, म्हणून एक गळतो. मात्र ओळीच्या शेवटी शब्द सांध्यावर तोडला तर गळालेला एस परत येतो! डेटा साठवताना नाहीसा झालेला बाईट दाखवताना परत आणायचा. कोड लिहिणाऱ्यांनो, विचार करा.

१९८३ मध्ये फ्रँक लियांग या विद्यार्थ्यानं स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड क्नूथच्या हाताखाली पीएचडी केली ती याच विषयावर, आणि प्रबंधाच्या नावातलेच शब्द संयोगचिन्हं घालून तोडून लिहिले. त्याची कल्पना अशी की सगळा शब्दकोश साठवण्याऐवजी अक्षरांचे छोटे नमुने साठवायचे आणि प्रत्येक जागेला आकडा द्यायचा. विषम आकडा म्हणजे 'इथे तोडा', सम म्हणजे 'इथे तोडू नका', मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीला ४,४४७ नमुने आणि १४ अपवाद पुरले. टेकमध्ये आजही तीच पद्धत आहे आणि ब्राउझरांनीही तिचाच वारसा घेतलाय. नॉर्वेजियनसाठीही असे नमुने तयार झाले, पण तिथे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागले. कारण उघड आहे : इंग्रजीतले शब्द बरेचसे शब्दकोशात असतात, नॉर्वेजियन माणूस मात्र नाश्त्याच्या टेबलावर बसल्या बसल्या नवीन शब्द जोडतो. आणि तो परत येणारा एस तर नमुन्यांत बसतच नाही, त्याला वेगळी खूण द्यावी लागते.

आमच्या त्या यादीतल्या अडीचशे ओळींचं मूळही इथेच होतं. जुन्या कोडमध्ये दोन शब्द घ्यायचे, मधे स्पेस टाकायची आणि दाखवायचे, असं सगळीकडे लिहिलेलं. इंग्रजीत ते चालतं. नॉर्वेजियनमध्ये स्पेस काढून भागत नाही, कारण मधे 'स'चा डिंक हवा की 'ए'चा की काहीच नको, हे कोडला कळणार कसं? शेवटी जोडाजोडी बंद करून प्रत्येक शब्द अख्खा भाषांतराच्या फाईलमध्ये ठेवला. दीड महिना गेला. मॅनेजरला 'सुरांचा प्रश्न आहे' असं सांगितलं नाही, 'लोकलायझेशन' म्हटलं.

नॉर्वेत जोडशब्द तोडून लिहिण्याबद्दल लोक हळहळतात आणि दोष इंग्रजीला, स्पेलचेकरला आणि फोनच्या कीबोर्डला देतात. तो सगळा खरा नसेल, कारण मध्ययुगातल्या नॉर्स हस्तलिखितांतही जोडशब्द पुष्कळदा तोडून लिहिलेले सापडतात. पण एक फरक आहे. तेव्हाचा लेखक तोडून लिहायचा आणि वाचणारा जोडून म्हणायचा, कारण दोघांच्या कानात एकच सूर होता. आज मजकूर आधी स्क्रीनवर येतो आणि पुष्कळदा मशीनच तो मोठ्यानं वाचून दाखवतं. मशीनला स्पेस दिसली की ते सूर तोडतं. आणि नव्या देशात आलेला माणूस, नव्यानं भाषा शिकणारं मूल, हे तोच तुटलेला सूर खरा समजून उचलतात.

आपल्याकडे हे आधीच सुरू झालंय. 'मुलांसाठी'चं 'मुलां साठी', 'त्यामुळे'चं 'त्या मुळे' कितीतरी अ‍ॅप्समध्ये, जाहिरातींत, सरकारी पाट्यांवर दिसतं. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे आपण शाळेत शिकलो, पण ज्यानं तो स्क्रीन बनवला त्याच्या कोडमध्ये दोन तुकडे आणि मधे स्पेस होती. तो स्क्रीन बनवणारा बहुतेक वेळा माझ्यासारखाच कुणीतरी असतो, पुण्यात किंवा बंगलोरला बसलेला, डेडलाईन शुक्रवारची.

नॉर्वेजियन शेतकऱ्याचा तो एक घटक हजार वर्षं टिकला कारण तो गळ्यात होता, कागदावर नव्हता. आता भाषा गळ्याइतकीच आमच्या कोडमधूनही जाते. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी दोन स्ट्रिंग जोडताना मधे स्पेस टाकण्याआधी ते एकदा मोठ्यानं म्हणून बघा. एका दमात आलं तर तो एकच शब्द आहे.